प्रतिवादी नंबर १ : चवदार तळ्याच्या दाव्यावर कोर्टनाट्य लिहायचे असेल तर

एकांकिका स्पर्धांचा हंगाम आला की बाबासाहेबांवरच्या दोन-चार संहिता वाचायला येतात. बहुतेकींचा साचा ठरलेला. पहिल्या प्रवेशात वर्गाबाहेर बसलेला मुलगा, दुसऱ्यात बडोदा, तिसऱ्यात लंडन, चौथ्यात तळे, पाचव्यात संविधान आणि पडदा. चाळीस मिनिटांत पासष्ट वर्षे. लिहिणाऱ्याची श्रद्धा खरी असते, पण नाटक उभे राहत नाही. आणि एक माणूस त्यात हटकून गायब असतो, तो म्हणजे बॅरिस्टर. २८ जून १९२२ रोजी ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेला, १९२३ पासून मुंबई हायकोर्टात वकिली करणारा, कागद वाचणारा, तारखा सांभाळणारा माणूस.

या बॅरिस्टरवर नाटक लिहायचे आहे त्याच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून मी महाडच्या चवदार तळ्याचा दिवाणी दावा घेतला आहे. तुमचा नायक दुसरा असला तरी क्रम हाच ठेवा.

आधी दावा निवडा, माणूस नंतर येतो

वकिलाचे चरित्र आणि कोर्टनाट्य या वेगळ्या गोष्टी आहेत. चरित्राला सगळे हवे असते. कोर्टनाट्याला एक दावा पुरतो.

बाबासाहेबांच्या वकिलीत पर्याय आहेत. १९२६ चा जेधे-जवळकरांचा बदनामीचा खटला आहे, त्यात ते आरोपींच्या बाजूने उभे राहिले आणि अपिलात जिंकले. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांची बाजू मांडली आणि हरले. दोन्ही फौजदारी, म्हणजे लिहायला सोपे: आरोपी आहे, शिक्षेची टांगती तलवार आहे, शेवटी निकाल आहे. अमेरिकेतल्या थर्गुड मार्शल या काळ्या वकिलावर नाट्य रचणाऱ्यांना १९४०-४१ चा कनेक्टिकटमधला खटला मोह घालतो तो याचसाठी. काळा शोफर आरोपीच्या जागी, समोर ज्युरी आणि शेवटी ‘निर्दोष’ हा एक शब्द. मार्शलचे खरे मोठे काम सर्वोच्च न्यायालयात झाले. तिथे ३२ पैकी २९ खटले तो जिंकला, १९५४ चा शाळांमधल्या वर्णभेदाचा निकाल त्यातलाच. पण त्या कामात ज्युरी नाही, साक्षीदार नाहीत, नुसता कायद्याचा कीस. रंगमंचावर ते अवघड जाते.

महाडचा दावा त्याहून अवघड. दिवाणी आहे, दहा वर्षे चालला, आणि नायक त्यात वकील म्हणून नव्हे तर प्रतिवादी म्हणून आहे. हायकोर्टातल्या निकालाचे शीर्षकच ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या बॅरिस्टरलाच कोर्टात खेचले आहे, तेही पाणी प्यायल्याबद्दल. यापेक्षा चांगली सुरुवात मला तरी सुचत नाही.

कायद्याचा प्रश्न एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा

ही पायरी गाळली तर पुढचे सगळे गडबडते.

वादी म्हणजे महाडचे काही स्पृश्य हिंदू. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: तळे आमचे आहे, ते वापरण्याचा हक्क फक्त आमचा, आणि अस्पृश्यांना तिथे मनाई असण्याची रूढी फार जुनी आहे. मालकीचा मुद्दा टिकला नाही, तळे नगरपालिकेकडे असल्याचे ठरले. उरली रूढी. तेव्हा भिंतीवरचे वाक्य असे: ‘अस्पृश्यांना या तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे वादी सिद्ध करू शकतात का?’

या वाक्यात काय नाही ते पाहा. अस्पृश्यता न्याय्य आहे का, हा प्रश्न त्यात नाही. कोर्टाने तो स्वतःला विचारलाच नाही. लोक तळ्यावर माणुसकीचा प्रश्न घेऊन गेले होते आणि कोर्टात तो रूढीच्या वयाचा प्रश्न झाला. नाटक याच फटीत आहे. तुमचा प्रेक्षक पहिला प्रश्न मनात धरून बसलेला असतो आणि रंगमंचावर दुसऱ्याच प्रश्नाचा कीस पडत असतो. ती अस्वस्थता घालवू नका. ‘न्यायाधीश महाराज, प्रश्न रूढीचा नाही, माणुसकीचा आहे!’ असे वाक्य एखाद्या पात्राच्या तोंडी घातलेत तर टाळ्या मिळतील, पण दावा तिथेच संपेल.

‘अनादी’ म्हणजे किती जुने, यातही गंमत आहे. इंग्लंडच्या कायद्यात अनादी काळाची सीमा ११८९ साल धरतात. आपल्याकडच्या कोर्टांनी ते साल जसेच्या तसे लावले नाही. पण कोकणातल्या एका तळ्याचा वाद ज्या कायद्याच्या सावलीत चालला होता त्यात असे एक साल होते, हे एखाद्या कनिष्ठ वकिलाने चहा पिता पिता सांगावे. हशाही पिकेल आणि प्रेक्षकाला मुद्दाही कळेल.

कागद कुठून आणायचे

हायकोर्टाचा निकाल कायद्याच्या ग्रंथालयात मिळतो. १९३७ चा निकाल आहे, लॉ रिपोर्टरच्या जुन्या खंडांत छापलेला आहे. ग्रंथपालाला पक्षकारांची नावे आणि साल सांगा. काही पानांचाच मजकूर आहे. पहिल्यांदा नुसता वाचा, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचा. तळे किती मोठे आणि त्याच्या भोवती कोणाची घरे, इतका तपशील त्यात सापडतो. नेपथ्यकारालाही एक प्रत द्या.

मग महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड. आणि ‘बहिष्कृत भारत’चे अंक. हे पाक्षिक ३ एप्रिल १९२७ ला सुरू झाले, म्हणजे तळ्यावरच्या घटनेनंतर दोन आठवड्यांनी. त्या दिवसांचा राग आणि त्या दिवसांची मराठी दोन्ही तिथे ताजी आहेत.

खालच्या कोर्टाचे मूळ कागद मिळवायचे असतील तर वकिलाला बरोबर घ्या. दाव्याशी संबंध नसलेल्या माणसाला नकलेसाठी कारण दाखवून अर्ज करावा लागतो, आणि इतके जुने कागद उरले असतीलच असे नाही. त्यावर नाटक अडवून ठेवू नका.

आणि महाडला जा. फोटो काढायला नव्हे, तळ्याला एक फेरी मारायला. फेरीला किती मिनिटे लागतात, कोणत्या घरातून काठावरचा माणूस ओळखू येतो, हाक कुठपर्यंत पोचते, एवढे वहीत लिहून आणा.

कॉपीराइटची भीती अनेकांना वाटते. बाबासाहेबांचे निधन १९५६ चे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा नियम धरला तर त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन २०१७ पासून मोकळे आहे. न्यायालयाचा निकाल उद्धृत करायलाही कायद्याची आडकाठी नसते. मात्र कुणी अलीकडे केलेला अनुवाद उचलू नका, तो अनुवादकाचा असतो.

तारखांची पट्टी

मी ही पट्टी लांब कागदावर काढून तालमीच्या खोलीत डकवतो. महाडसाठी ती अशी भरते:

४ ऑगस्ट १९२३ – सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर.
जानेवारी १९२४ – महाड नगरपालिकेचा तळे खुले करणारा ठराव. कागदावरच राहिला.
२० मार्च १९२७ – महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेहून लोक तळ्यावर जातात, पाणी पितात. नंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा, आणि मंडपावर हल्ला. पुढे तळ्यात १०८ घागरी ओतून ‘शुद्धी’.
४ ऑगस्ट १९२७ – नगरपालिका आपला ठराव मागे घेते.
१२ डिसेंबर १९२७ – महाडच्या कोर्टात दावा. दोन दिवसांत तूर्तातूर्त मनाई हुकूम.
२५ ते २७ डिसेंबर १९२७ – दुसरी परिषद. मनुस्मृतीचे दहन. तळ्यावर जाणे तहकूब.
१९२८ – मनाई हुकूम उठतो.
१९३१ – महाडच्या कोर्टाचा निकाल, दावा फेटाळला.
१९३३ – ठाण्याला अपील, तेही फेटाळले.
१७ मार्च १९३७ – मुंबई हायकोर्टाचा निकाल. वादी पुन्हा हरतात.

या पट्टीखाली दुसऱ्या रंगात नायकाचे आयुष्य लिहा. १९३० ला काळाराम आणि गोलमेज, १९३२ ला पुणे करार, १९३५ च्या मे महिन्यात रमाबाईंचे निधन, त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याची घोषणा, १९३७ च्या सुरुवातीला निवडणूक. दावा एका कोपऱ्यात तारीख पे तारीख चालू आहे आणि माणूस तेवढ्यात कुठल्या कुठे पोचला आहे. चरित्र नाटकात आणायचे ते असे, दोन तारखांच्या मधल्या जागेत. रमाबाईंवर वेगळा प्रवेश लिहायची गरज नाही. १९३३ च्या तारखेला जे घर दिसले ते १९३७ ला रिकामे दिसले तरी पुरते.

एक मोह टाळा. हायकोर्टात हा निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. योगायोग इतका नाट्यमय आहे की लेखकाचा हात शिवशिवतो. माझाही शिवशिवला होता, आख्खा प्रवेश लिहून झाला होता. दाव्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, म्हणून काढला. फार तर कुणा वकिलाच्या तोंडी एक वाक्य.

तीन प्रवेश पुरतात

दहा वर्षांतून मी तीनच ठिकाणी थांबतो: डिसेंबर १९२७ चा मंडप, महाडच्या कोर्टातली एक साक्ष, आणि १९३७ चा निकाल. तळ्यावर पाणी पिण्याचा प्रसंग मी दाखवत नाही. तो सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो साक्षीतून, तोही विरुद्ध बाजूच्या तोंडून ऐकला की जास्त लागतो.

मंडपाच्या प्रवेशावर वेळ घाला, कारण वकिलाची खरी कसोटी इथे आहे. मुंबईहून पद्मावती बोटीने मंडळी निघाली, दासगावला उतरली, तिथून चालत महाड. हिंदूंपैकी कुणी जागा दिली नाही म्हणून फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांच्या जागेत मंडप. हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीने आलेले. आणि दहा-अकरा दिवसांपूर्वीचा कोर्टाचा कागद सांगतो, तळ्यावर जायचे नाही. परिषदेने सत्याग्रहाचा ठराव केला. जिल्ह्याचे कलेक्टर येऊन बोलून गेले. दुसऱ्या दिवशी ठराव फिरवला गेला. आपला झगडा स्पृश्यांशी आहे, सरकारशी नाही, हुकूम मोडला तर तो सरकारशी होईल, अशी भूमिका घेतली गेली. लोकांनी गावातून मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता परतले.

इथे दोन माणसे एकाच कोटात आहेत. पुढारी म्हणतो चला. वकील म्हणतो थांबा, एकतर्फी मिळालेला तूर्तातूर्त हुकूम टिकत नाही, तो उठवता येतो. लोकांना वकिलाचे ऐकायचे नाही. एका म्हाताऱ्याला फक्त एवढेच विचारू द्या: ‘साहेब, तो कागुद किती दिवसांचा हाय?’ आणि नायकाला उत्तर देता येऊ नये. आपल्याला ठाऊक आहे, दाव्याचा शेवट व्हायला त्या दिवसापासून नऊ वर्षांहून जास्त काळ लागणार आहे.

कोर्ट उभे करताना

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. माझ्या पहिल्या वाचनाला एक निवृत्त शिरस्तेदार आले होते. पहिल्या पाच मिनिटांत ते तीनदा हसले. त्यांच्याकडून शिकलेले सांगतो.

दिवाणी दाव्यात आरोपी नसतो. वादी आणि प्रतिवादी असतात. पिंजरा आरोपीसाठी, तो इथे नाही. साक्षीदाराची जागा वेगळी. लाकडी हातोडा आपल्या कोर्टात वाजत नाही, तो सिनेमात वाजतो. ‘ऑर्डर, ऑर्डर’ही तिकडचेच. गीतेवर हात ठेवणेही काढून टाका. साक्षीदार ईश्वरसाक्ष खरे सांगेन म्हणतो आणि साक्ष सुरू होते. ‘माय लॉर्ड’ हायकोर्टात. महाडच्या दुय्यम न्यायाधीशाला पक्षकार ‘रावसाहेब’ म्हणतील.

दाव्याला उत्तर म्हणून प्रतिवादी देतो ती कैफियत. मग कोर्ट मुद्दे काढते. मग सरतपासणी, उलटतपासणी, लागली तर फेरतपासणी. दाखल कागदाला निशाणी क्रमांक पडतो. मग युक्तिवाद, निकाल, हुकूमनामा. हे शब्द नटांच्या तोंडात बसेपर्यंत तालीम करा, अर्थ प्रेक्षक आपोआप लावतो.

आणि हायकोर्टाच्या प्रवेशात साक्षीदार आणू नका. साक्षीपुरावा खालच्या कोर्टात झालेला असतो, वर कायद्याच्या मुद्द्यावर बोलणे होते. भाषाही बदलते. महाडात साक्ष मराठीत, मुंबईत सारे इंग्रजीत. त्यामुळे ज्यांच्या पाण्याचा निकाल लागतो आहे त्यांना तो कळत नाही. हे दाखवायला एक माणूस बाकावर बसवा, जो शेजाऱ्याला ‘काय म्हनाले?’ एवढेच विचारत राहतो.

उलटतपासणी

चांगली उलटतपासणी साक्षीदाराला खोटा पाडत नाही. ती त्याच्याच खऱ्या उत्तरांनी त्याची वाट अडवते. प्रश्न छोटे, उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’त यावे असे, आणि वकिलाला प्रत्येकाचे उत्तर आधीच माहीत असावे. खालचा तुकडा माझ्या मसुद्यातला आहे, कोर्टाच्या नोंदीतला नाही. साक्षीदार काल्पनिक.

वकील : तळ्यावर रोज जाता?
साक्षीदार : रोज. वडिलांच्या हाताला धरून जायचो तेव्हापासून.
वकील : अस्पृश्यांपैकी कुणाला पाणी भरताना पाहिलंत?
साक्षीदार : कधीच नाही.
वकील : कुणी भरायला आला आणि तुम्ही अडवलंत, असं झालं?
साक्षीदार : यायची छातीच नव्हती कुणाची.
वकील : म्हणजे आलं नाही कुणी.
साक्षीदार : नाही.
वकील : मग अडवलंही नाही.
(साक्षीदार कोर्टाकडे बघतो.)
वकील : मुसलमान पाणी भरतात?
साक्षीदार : भरतात.
वकील : त्यांच्यानंतर तळं शुद्ध करता?
साक्षीदार : नाही.
वकील : मार्चात केलंत. किती घागरी?
साक्षीदार : एकशे आठ.
वकील : त्याआधी, तुमच्या आठवणीत, कधी?
साक्षीदार : वेळच आली नव्हती.

‘यायची छातीच नव्हती’ हे वाक्य तपासा. प्रेक्षकाला त्यात पिढ्यान्‌पिढ्यांची दहशत ऐकू येते. कायद्याला त्यात एवढेच ऐकू येते की मनाई करण्याचा हक्क कधी बजावलाच गेला नाही. महाडच्या कोर्टाच्या निकालाचे मर्मही असेच होते: एकाने वापर केला आणि दुसऱ्याने केला नाही, एवढ्यावरून पहिल्याला दुसऱ्याविरुद्ध हक्क मिळत नाही. भीतीने आलेली शांतता वादींना पुरावा म्हणून हवी होती आणि तीच त्यांच्या अंगावर आली. हा तुकडा लिहायला मला चार महिने लागले. बाकीचे नाटक तीन आठवड्यांत झाले.

साक्षीदाराला खलनायक करू नका. त्याला आपण धर्म राखतो आहोत असेच वाटते, आणि तसे वाटले तरच प्रश्नांना धार येते. दुसरीकडे, बाबासाहेबांच्या बाजूने सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे होते. मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. ‘ते सगळे’ आणि ‘आपण सगळे’ अशी सरळ रेघ ओढायला इतिहास जागाच ठेवत नाही.

कुणाच्या तोंडी काय

माझा नियम: ज्यांची नावे इतिहासात आहेत त्यांच्या जाहीर भाषणाची वाक्ये छापील असतील तशीच घ्यायची, एक शब्द न बदलता. त्यांचे खाजगी बोलणे लिहावे लागले तर छोटे आणि साधे. सुभाषिते फक्त काल्पनिक पात्रांना, तीही शक्यतो नकोतच. नायकाचे २५ डिसेंबरचे भाषण, ज्यात त्यांनी महाडच्या परिषदेची १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी तुलना केली, ते आख्खे वाचून घ्या आणि त्यातली चार वाक्ये निवडा.

जुन्या कागदांत जातींची नावे आणि ‘अस्पृश्य’ हा शब्द सर्रास येतो. तो त्या काळच्या पात्रांच्या आणि कोर्टाच्या तोंडीच ठेवा. निवेदकाच्या तोंडी नको.

संहिता पक्की झाली की रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, त्यांच्या प्रमाणपत्राशिवाय जाहीर प्रयोग नाही. प्रयोगाच्या तारखेच्या आधी पुरेसा वेळ ठेवून पाठवा. सोबत एका पानावर लिहून ठेवा की कोणता प्रसंग कशावरून घेतला आणि कोणता कल्पित आहे. असे पान कुणी मागत नाही. पण पहिल्या प्रयोगानंतर विंगेत कुणीतरी येऊन विचारतोच, तेव्हा हातात असलेले बरे.

राहिला पट्टेवाला

दहा वर्षे सरली हे कसे दाखवायचे, यावर बरीच डोकेफोड झाली. पडद्यावर साले दाखवून पाहिली, कॅलेंडरची पाने फाडून पाहिली. शेवटी पुकाऱ्यावर आलो. पट्टेवाला दाराशी येतो आणि नाव पुकारतो. पहिल्यांदा आवाजात तोरा, १९३१ ला नुसते काम, १९३३ ला खोकला. यासाठी वयस्क नट घ्या. तरुण नट म्हातारपणाचे सोंग करतो, म्हाताऱ्याला तरुणपणाचा आवाज आठवत असतो. प्रत्येक पुकाऱ्याला हेल तोच ठेवायचा: ‘भीऽमराव रामजी आंबेडकर, हाजीर व्हाऽ’. ना डॉक्टर, ना बॅरिस्टर, ना साहेब. शेवटच्या वेळी, हायकोर्टाचा निकाल वाचून झाल्यावर, तो सवयीने दाराशी येतो, तोंड उघडतो, आणि लक्षात येते की आता पुकारायचे काही नाही. कोपऱ्यात पट्टेवाल्यांचा माठ असतो. तो आधीपासून रंगमंचावर ठेवा, पण शेवटच्या प्रवेशापर्यंत त्यावर प्रकाश टाकू नका. बाकावरचा माणूस उठतो आणि तिथवर जातो. भांडे माठात बुडल्याचा आवाज ध्वनिफितीवरून घेऊ नका. माठात खरे पाणी भरा, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाते.